कॅनडात मासे धरायला जायचंय, बॉर्डरवर काय काय लागते?

गरीवाला_पवनी
नमस्कार मंडळी. पवनीजवळचा आहे, धानाची शेती, घर वैनगंगेपासून हाकेच्या अंतरावर. गरी टाकायचा नाद पोरवयापासून. यंदा लेकीकडे मिनेसोटाला जाणं ठरलं आहे, मी आणि सौ. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा दोघांच्याही पासपोर्टवर आहे. परवा जावईबापूंनी फोनवर सांगितलं, "बाबा, तुम्ही आलात की गाडी काढू आणि वर कॅनडात लेक ऑफ द वूड्सला जाऊ. चार दिवस नुसते मासे धरू." तेव्हापासून झोप नाही.

आता शंका. अमेरिकेचा व्हिसा असताना कॅनडाचा वेगळा लागतो का? जावईबापू म्हणतात, आम्हाला लागत नाही, तुम्हालाही बहुतेक लागणार नाही. माझी गरी, दोरी आणि चारा (कणिक, शेंगदाण्याची ढेप, थोडा हिंग) इथून नेऊ का? गांडुळं तिकडं मिळतात का? आणि सौ. विचारते की धरलेले मासे सीमेवरून परत आणू देतात का, की तिथंच संपवायचे.

कॅनडाच नाही, नेपाळ-भूतानला कुणी असं गेलं असेल तर तेही लिहा.

खर्राप्रेमी_वर्धा
काका, मुद्द्याचं विचारलंच नाही. खर्रा नेऊ देतात का?

मिनेसोटाकर
काका, मी मूळचा आर्वीचा, बरीच वर्षं इकडंच आहे. जावईबापूंना सांगा, "बहुतेक"वर बॉर्डर ओलांडत नाहीत.

त्यांच्याकडे ग्रीन कार्ड असणार. ग्रीन कार्डवाल्याला कॅनडात जायला व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्ट आणि कार्ड, दोन्ही सोबत हवेत. तुम्ही अमेरिकेत पाहुणे. भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा पर्यटक व्हिसा एवढ्यावर कॅनडा आत घेत नाही. तुम्हाला दोघांनाही कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा काढावाच लागेल. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, वर बोटांच्या ठशांचे ८५. हे सगळं निघण्याआधी, भारतातूनच उरका. इकडं येऊन करायला गेलात तर तुमचा पासपोर्ट त्यांच्याकडे अडकून पडेल आणि सुट्टी संपेल.

दुसरी गोष्ट परत येण्याची. अमेरिकेत उतरल्यावर तुमच्या नावानं आय-९४ नोंद होते, त्यावर कधीपर्यंत राहू शकता ती तारीख असते. ऑनलाइन बघून तिचा कागद छापून ठेवा. चार दिवस कॅनडात जाऊन आलात म्हणून सहा महिने नव्यानं मिळत नाहीत, जुनीच तारीख धरून चाला. व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, ते पासपोर्टावर बघा. 'एम' अक्षर असेल तर निर्धास्त.

चाऱ्याचं सविस्तर आहे, रात्री लिहितो. तोवर ढेप पॅक करू नका.

झाडीपट्टीचा_राजा
चार दिवसांच्या मासोळ्यांसाठी इतका खर्च? त्यापेक्षा इटियाडोह धरणावर या, मी रस्सा खाऊ घालतो. व्हिसा नाही, फी नाही, फक्त डोक्याला टोपी घालून या.

नागपुरी_भटक्या
@गरीवाला_पवनी काका, नेपाळचं मी सांगतो. लखनौहून रुपईडीहा, तिथून पलीकडे नेपाळगंज, मग बर्दिया. आपल्याला व्हिसा लागतच नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. स्वतःची गाडी असेल तर नाक्यावर भन्सार करावा लागतो, म्हणजे जितके दिवस गाडी तिकडं राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरून कागद घ्यायचा. तो कागद हरवू नका. बाहेर पडताना तोच बघतात.

कर्णाली आणि बबई या नद्यांत महाशीर आहे, तिकडं त्याला सहर म्हणतात. गाईडसोबतच जायचं, परमिट काढायचं आणि मासा धरला की सोडायचा. एकदा फोटो, मग पाण्यात. मला सगळ्यात मजा आली ती सीमेवर. मोबाईलमधलं घड्याळ एकदम पंधरा मिनिटं पुढं उडी मारतं, कारण नेपाळची वेळ आपल्याहून पंधरा मिनिटं पुढं आहे. सोबतचा मित्र म्हणे, "बघ, इकडं आल्याबरोबर आपण वेळेवर आलो."

पंचेश्वरला तर याहून गंमत. महाकाली नदी हीच सीमा. भारताच्या काठावर उभं राहून गळ टाकला की तो पाण्यात नक्की कोणत्या देशात बसला हे मासाच जाणे. काठावर सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात, ओळखपत्र खिशात ठेवायचं आणि नीट बोलायचं.

डोंगावाला
धरायचा आणि सोडायचा? मग धरायचा कायले बाप्पा? त्याच्या तोंडाले भोक पाडून फोटो काढायचा, याले हौस म्हणतात काय? आम्ही ढिवर. आमच्या घरी मासोळी धरली की एक तर पोटात जाते, नाही तर बाजारात.

नागपुरी_भटक्या
@डोंगावाला भाऊ, तुमचं म्हणणं पटतं आणि नाहीही. सोनेरी महाशीर आज धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. खाऊ दिला तर दहा वर्षांत उरणार नाही. सोडायच्या अटीवर शहरातले लोक पैसे मोजतात, गाईड-बोटवाल्याला काम मिळतं, आणि तोच गाववाला मग नदीत बार उडवून मासे मारणाऱ्यांना हाकलून लावतो. माशाला वेदना होते का, यावर मी वाद घालणार नाही. होत असणार.

डोंगावाला
बार उडवणाऱ्याले हाकलायले फॉरेनर लागते म्हणजे नवलच आहे.

मिनेसोटाकर
आता चारा. काका, बॉर्डरवर माणसापेक्षा चाऱ्याचीच चौकशी जास्त होते, म्हणून नीट वाचा.

आम्ही इंटरनॅशनल फॉल्सहून रेनी नदीवरच्या पुलानं पलीकडं कॅनडातल्या फोर्ट फ्रान्सिसला जातो. खिडकीतला अधिकारी पासपोर्ट घेतो, कुठं, किती दिवस, कशासाठी. "फिशिंग" म्हटलं की चेहरा सैल होतो, कारण उन्हाळ्यात निम्म्या गाड्या त्याचसाठी असतात. मग लगेच पुढचे प्रश्न: बंदूक आहे? दारू-तंबाखू किती? जिवंत चारा आहे? तिसऱ्यावर तो तुमच्या डोळ्यात बघतो.

तिकडच्या ऑन्टारियो प्रांतात चारा म्हणून जिवंत मासे, जळवा, क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी), सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा, बेडकाचा भाऊबंद), यातलं काहीही बाहेरून आणता येत नाही. जळवा इकडं पेट्रोल पंपावर डब्यात विकतात, वॉलआय नावाच्या माशाला फार आवडतात. आमच्यातल्या एकानं हौसेनं दोन डबे घेतले होते, ते पुलाच्या अलीकडच्या कचराकुंडीत गेले. पलीकडं उतरल्यावर बेट शॉपमध्ये तिथल्याच घेतल्या. क्रेफिशचा नियम आणखी कडक. ज्या तळ्यात धरला त्याच तळ्यात वापरायचा, रस्त्यानं दुसरीकडं न्यायचाच नाही.

गांडुळं चालतात, पण मातीत ठेवलेली नाही. कागदाच्या लगद्याच्या कृत्रिम बिछान्यात असतील तरच. त्यापेक्षा तिकडंच विकत घ्या.

आणि कणिक-ढेप सोडा. वॉलआय, पाईक, मस्की हे सगळे शिकारी मासे आहेत. आपल्या मरळीची जात समजा. कणकेकडं ढुंकूनही बघणार नाहीत.

शेतकीवाला_यवतमाळ
गांडुळाला बंदी? इथं आम्ही शेतकऱ्यांना गांडूळखताचे बेड वाटून राहिलो आणि तिकडं गांडुळाची झडती? हे जरा समजावून सांगा राव.

मिनेसोटाकर
बंदी गांडुळाला नाही, मातीला आहे. मातीतून काय काय येईल सांगता येत नाही. पण गांडुळाचीही गंमत आहे. हिमयुगात हा सगळा उत्तरेचा भाग बर्फाच्या थराखाली होता. बर्फ वितळल्यावर जंगलं उगवली ती गांडुळाशिवाय. आज जी गांडुळं दिसतात ती युरोपातून कुंड्या, माती, आणि मासेमाऱ्यांच्या डब्यांतून आलेली. तिथल्या जंगलात जमिनीवर पानांचा जाड थर असतो, त्यातच रोपं रुजतात. गांडूळ तो थर खाऊन टाकतं, खालची जमीन उघडी पडते आणि रानफुलं, लहान झाडं कमी होत जातात. म्हणून इकडं तळ्याकाठी पाट्या असतात: उरलेली गांडुळं रानात टाकू नका, कचऱ्यात टाका.

शेतकीवाला_यवतमाळ
आयुष्यभर शेतकऱ्याचा मित्र म्हणून भाषणं दिली. उद्याच्या कार्यक्रमात काय तोंडानं बोलू?

विनिपेगची_ताई
काका, मी गोंदियाची, इथं विनिपेगला नर्स आहे. ऑन्टारियोशेजारच्या मॅनिटोबा प्रांताच्या बाजूनं जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: इथं बिनकाट्याची गरीच चालते. म्हणजे गरीच्या टोकाजवळ मागं वळलेला जो बारीक काटा असतो ना, तो नको. नवी घ्यायची गरज नाही, पक्कड घ्यायची आणि तो काटा चेपून सपाट करायचा. तपासायला येतात तेव्हा गरी कापडात टोचून ओढून बघतात, अडकली की समजलं. माझ्या नवऱ्याला सुरुवातीला वाटलं याने सगळे मासे सुटतील. दोरी ताठ ठेवली तर नाही सुटत. ढिली सोडली की गेला.

लेक ऑफ द वूड्सचं पाणी मिनेसोटा, ऑन्टारियो आणि मॅनिटोबा तिघांत वाटलेलं आहे. ज्याच्या पाण्यात गरी टाकाल त्याचं लायसन्स. पलीकडं चार हातांवर मासे उडताना दिसले तरी तिकडं टाकायची नाही.

गरीवाला_पवनी
@मिनेसोटाकर, @विनिपेगची_ताई, खूप आभार. जावईबापूंना धागा पाठवला. त्यांचं उत्तर, "हो, मला माहीतच होतं." लायसन्स कसं काढतात? आणि पासष्टीच्या वरच्यांना फुकट असते म्हणतात, मी पात्र आहे.

मिनेसोटाकर
फुकट आहे ते कॅनडाच्या रहिवाशांना. तुम्ही आम्ही पैसे मोजायचे. ऑन्टारियोचं ऑनलाइन निघतं. आधी आउटडोअर्स कार्ड, ते तीन वर्षं चालतं, त्यावर लायसन्स. दोन प्रकार: स्पोर्ट आणि कॉन्झर्वेशन. दुसरं स्वस्त, पण ठेवायच्या माशांची संख्या कमी. तुम्ही चारच दिवस जाणार, तेव्हा स्वस्तातलं घ्या. एकच दिवस टाकायची असेल तर एका दिवसाचं मिळतं, त्याला कार्डही लागत नाही. काकूंना बोटीत नुसतं बसायचं असेल तर लायसन्स नको. मात्र त्यांनी मिनिटभर रॉड हातात धरला की लागतं. हे गंमत म्हणून सांगत नाही.

आणि तारीख बघून ठरवा. त्या पट्ट्यात वॉलआय १५ एप्रिलपासून मेच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत बंद असतो, अंडी घालायचा काळ. मेच्या सुरुवातीला येणार असाल तर नुसतं सरोवर बघून परत.

गरीवाला_पवनी
खार (धानाच्या रोपांची वाफ) पेरून झाल्याशिवाय मी हलत नाही, म्हणजे जून उजाडेल. रोवणीला धाकटा भाऊ आहे. बरं झालं.

जुनी_बंदूक
मासे ठीक आहे, पण धाग्याच्या विषयात सीमेपलीकडची शिकार बसत असेल तर लिहितो. आमच्या आजोबांकडे परवाना होता, गडचिरोलीच्या बाजूला त्या काळी शिकारीचे ब्लॉक वाटून देत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते संपलं. आता ज्याला कायदेशीर शिकार करायची तो बाहेर जातो. नेपाळात ढोरपाटन हे एकच राखीव शिकारक्षेत्र आहे, १९८७ चं, १,३२५ चौरस किलोमीटर. तिथं नाऊर म्हणजे निळी मेंढी मारायचा कोटा असतो आणि पैसे भरून परदेशी येतात. कॅनडात हरीण, मूस, अस्वल. काका, मासे धरता धरता एखादं हरीण...

गरीवाला_पवनी
नको बुवा. माझ्या वावरात रानडुक्कर येते त्यालाच हाकलून थकलो.

मिनेसोटाकर
@जुनी_बंदूक साहेब, भारतातला परवाना इकडं शून्य किमतीचा. परदेशी माणूस कॅनडात रायफल नेतो तेव्हा सीमेवर जाहीरनामा भरतो, २५ डॉलर फी, तो ६० दिवस चालतो. पिस्तुलाचा विषयच काढू नका. आणि त्याआधीची अडचण अमेरिकेतच आहे. पर्यटक किंवा नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला इथं बंदूक हाताळायलाच कायद्यानं मनाई आहे. एखाद्या राज्याचं वैध शिकार लायसन्स असलं तरच सूट मिळते. सासऱ्याला घेऊन जाणाऱ्या जावयानं या भानगडीत पडू नये.

डोंगावाला
रानडुकराचा विषय निघालाच तर, पंचनामा करायले माणूस येईपर्यंत धान पुन्हा उगवते.

पंचनामा_प्रलंबित
माझ्या आयडीकडे बघा. पुढं बोलत नाही.

संपादक_मंडळ
पीक नुकसानीचा वेगळा धागा आहे, तिकडं चला. इथं सीमा आणि मासे.

नकाशावेडा
सीमा आणि मासे म्हणता तर ऐका. काका ज्या सरोवरावर चालले, तिथं अमेरिकेचा एक तुकडा कॅनडाला चिकटून वर लोंबतोय. नॉर्थवेस्ट अँगल. अमेरिकेचाच भाग, पण तिथं गाडीनं जायचं तर आधी कॅनडात शिरा, मॅनिटोबातून जा आणि मग पुन्हा अमेरिकेत. कारण १७८३ चा पॅरिसचा तह. तेव्हा ज्या नकाशावर बोटं ठेवली त्यात मिसिसिपीचा उगम चुकीच्या जागी होता. करारात लिहिलं, सरोवराच्या वायव्य टोकापासून सरळ पश्चिमेला मिसिसिपीपर्यंत. आणि मिसिसिपी तर तिथून खाली, दक्षिणेला उगम पावते. रेघ ओढली, नदी सापडेना. १८१८ साली ४९ व्या अक्षांशावर तडजोड झाली, पण ते टोक अमेरिकेकडेच राहिलं. अलास्का सोडली तर अमेरिकेच्या मुख्य भूमीचं सगळ्यात उत्तरेचं टोक तेच. तिथले लोक शाळेला, बाजाराला जाताना देश ओलांडतात.

सिरोंचा_एक्सप्रेस
यात काय नवल? आमच्याकडं या. प्राणहितेच्या अलीकडं महाराष्ट्र, पलीकडं तेलंगणा, पुढं सोमनूरला इंद्रावती गोदावरीला मिळते तिथं छत्तीसगडही आलं. दवाखाना पलीकडं, बाजार पलीकडं, सोयरीक पलीकडं. सकाळी तिकडं मासोळी विकून आमचा माणूस इकडं जेवायला येतो. लायसन्स, आउटडोअर्स कार्ड काही नाही. फक्त मेडीगड्ड्याचं धरण झाल्यापासून पाणी कधी कुठं चढेल याचा भरवसा नाही, तेवढा व्हिसा वरुणराजाकडून काढावा लागतो.

पालघरचा_पाहुणा
तुम्ही हौसेनं सीमा ओलांडता ते वाचून मजा आली, फक्त एक आठवण करून देतो. आमच्या किनाऱ्यावरचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात रेघ नसते, बोट वाहत गेली की पाकिस्तान पकडतो आणि माणूस वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्या दोन तारखांना आमच्याकडच्या घरांत काय चालतं ते तुम्हाला इकडं बसून समजणार नाही.

डोंगावाला
@पालघरचा_पाहुणा समजते भाऊ.

खर्राप्रेमी_वर्धा
धागा गंभीर झाला म्हणून विचारायची हिंमत होत नाही, पण माझ्या प्रश्नाचं कुणीच उत्तर दिलं नाही.

विनिपेगची_ताई
देते. तंबाखू २०० ग्रॅमपर्यंत ड्युटी न भरता आणता येते, जाहीर करायची. पण खर्रा म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी, चुना, तंबाखू. तो काळपट ओला गोळा अधिकाऱ्यापुढं ठेवून "सर, धिस इज खर्रा" म्हणणारा माणूस मला बघायचा आहे. तो कुत्रा बोलावणार, कुत्रा शिंकणार, आणि तुमचे दोन तास जाणार. बाटलीचंही तसंच, १.१४ लिटरपर्यंत दारू चालते. आणि कॅनडात गांजा २०१८ पासून कायदेशीर आहे म्हणून कुणी परत येताना घेऊन निघाला तर अमेरिकेची खिडकी त्याला कायमची बंद होऊ शकते. सीमेवरून नेणं दोन्ही बाजूंनी गुन्हाच.

अजून एक. ज्याच्यावर दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा सिद्ध झालाय, त्याला कॅनडा दारातूनच परत पाठवू शकतो. डिसेंबर २०१८ पासून तो तिथं गंभीर गुन्ह्यात मोडतो. जावईबापूंच्या मित्रांची गाडी सोबत असेल तर आधीच विचारून घ्या. नाही तर पुलावर एक जण उतरतो आणि बाकीच्यांची सहल नासते.

झाडीपट्टीचा_राजा
इटियाडोहवर कुत्रा आहे, पण तो फक्त काट्यांसाठी येतो.

गोंदियाची_सुगरण
तिखटाचं कुणी बोललं नाही. भिवापुरी मिरचीचं तिखट न्या, काकू. सुकं, पॅकबंद आणि नाव लिहिलेलं असलं की अडचण येत नाही, फक्त विचारलं तर लपवू नका. आणि वॉलआय म्हणतात तो मासा कसा लागतो हो?

मिनेसोटाकर
पांढरं, घट्ट मांस, काटे जवळजवळ नाहीत. डोळे मोठे आणि पांढरट, रात्री टॉर्च मारला तर मांजरासारखे चमकतात. अंधारात चांगलं दिसतं म्हणून संध्याकाळी तिन्हीसांजेला खायला वर येतो. तिकडची पद्धत अशी की दुपारी बोट एखाद्या बेटाला लावायची, खडकावर चूल पेटवायची, सकाळचे मासे तिथंच तळायचे. काकूंनी त्यावर भिवापुरी टाकली तर बेटावर दंगा होईल. पण लक्षात ठेवा, बेटावर खाल्लेला मासाही त्या दिवसाच्या कोट्यात मोजला जातो. पोटात गेला म्हणून सुटला असं नाही.

परत आणायचं विचारलं होतं. मिनेसोटापर्यंत आणता येतात, कोट्याइतकेच. तुकडे करा, पण प्रत्येक तुकड्यावर कातड्याचा पट्टा राहू द्या आणि पाकिटं अशी बांधा की मोजता येतील. एकच मोठा गोठलेला गोळा केला की अधिकारी तो वितळायला लावू शकतो. कोणता मासा, किती, हे बघितल्याशिवाय सोडत नाहीत. पवनीपर्यंत आणायचा विचार सोडून द्या.

नकाशावेडा
एक शंका. सरोवरात बोटीनं फिरताना रेघ ओलांडली गेली तर? पाण्यावर नाका कुठं आहे?

मिनेसोटाकर
२०१७ पासून नियम थोडा सैल झाला. नुसतं कॅनडाच्या पाण्यातून बोट नेली, कुठं थांबलात नाही, नांगर टाकला नाही, काठाला लागला नाहीत, दुसऱ्या बोटीला चिकटला नाहीत, तर कळवावं लागत नाही. थांबलात की फोनवरून कळवायचं. ज्यांना व्हिसा लागतो त्या पाहुण्यांनी मात्र असल्या बारीक वाटा शोधू नयेत. पुलावरूनच जा, शिक्का घ्या, सुखानं मासे धरा.

डोंगावाला
आता मी जरा लांब लिहितो. सुरुवातीला वाटलं होतं हा धागा हौशी लोकांचा. पण त्या जळवा आणि गांडुळावर मी रात्रभर विचार करून राहिलो.

आमच्याकडं मालगुजारी तळी. कोहळी लोकांनी बांधली, दोन-तीनशे वर्षं झाली. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तळी सरकारची झाली, मासेमारीचा ठेका मासेमारांच्या संस्थेकडं आला. माझ्या बापानं त्यात डाडक, मरळ, सिंगूर, वाम धरली. नंतर काय काय आलं? बेशरम आला. कुंपणाले लावायचा म्हणून आणला, काठ खाऊन बसला. जलपर्णी आली. थाई मागूर मासा आला, २००० सालीच बंदी आहे, तरी कोणीतरी आणून सोडतेच. टिलापिया आला. कोणाच्या बादलीतून आला कोणाले माहीत. रोहू-कतल्याचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, तर संस्थाच सोडते, तेही बाहेरूनच. बारीक देशी मासोळी गेली, आणि ती आमच्या बाया बाजारात वाट्यानं विकत, ते पैसे घरखर्चाचे. अर्जुनी मोरगावकडं ढिवर बायांनीच तळ्यातला बेशरम उपटला, देशी वनस्पती लावल्या, तिथं मासोळी परत आली म्हणून सांगतात.

ते लोक एका डब्यातल्या जळवांसाठी गाडी थांबवतात. आमच्या तळ्यावर ट्रकभर बीज येते, त्यात काय काय मिसळलं आहे हे पाहायले कोणीच नसते.

झाडीपट्टीचा_राजा
भाऊ, नुसतं बीजच नाही. नाग नदीचं पाणी कन्हानेतून वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्दमध्ये. पवनीवाल्या काकांना विचारा रंग काय असतो.

गरीवाला_पवनी
काळा. उन्हाळ्यात वास. म्हणूनच तर हल्ली गरी टाकायला मी नदी सोडून लांब तळ्यावर जातो, आणि तिथं संस्थेवाले हटकतात, त्यांचंही बरोबर आहे.

असो, माझं ठरलं ते सांगतो. कॅनडाचा अर्ज भरला, ठसे द्यायची तारीख मिळाली, त्याच फेरीत पुण्यात बहिणीकडंही होऊन येऊ. सौ. आधी "मी काय बोटीत बसून तुमचे मासे मोजू?" म्हणत होती. बेटावरच्या चुलीचं वाचल्यापासून तिनं तिखटाचं पाकीट वेगळं काढलं आहे. ढेप नेत नाही. लायसन्स कॉन्झर्वेशनचं, दोन काढतो, तिनं रॉड धरला तर पंचाईत नको.

@मिनेसोटाकर, एक उरलं. जावईबापूंची स्वतःची बोट आहे, मागं जोडून नेणार. तिला काही लागते का?

मिनेसोटाकर
लागतं. ऑन्टारियोत १ जानेवारी २०२२ पासून नियम आहे: बोट रस्त्यावर आणण्याआधी तिच्यावरचं सगळं शेवाळ, झाडं, चिखल काढायचा आणि आतलं पाणी पूर्ण काढून टाकायचं. मिनेसोटातही बुडाचा बूच काढूनच बोट ओढायची, बूच लावून रस्त्यावर दिसलात तर दंड. कारण झेब्रा शिंपला. नखाएवढा असतो, त्याची पिलं डोळ्याला दिसत नाहीत, वाटीभर पाण्यातून दुसऱ्या सरोवरात जातात.

डोंगावाला
बोट धुवायची सोय कुठं असते? तळ्यावरच?

मिनेसोटाकर
बऱ्याच ठिकाणी बोट उतरवायच्या उतारावरच. उन्हाळ्यात गर्दीच्या तळ्यांवर तपासनीस उभा असतो. तो बोटीखाली वाकून हात फिरवतो, ट्रेलरची चाकं, नांगराची दोरी, मोटरचा पंखा बघतो. काही जागी गरम पाण्याचा फवारा आहे, लोक रांगेत उभे राहतात. हाताला सँडपेपरसारखं खरखरीत लागलं की समजायचं बारीक शिंपले चिकटलेत.

डोंगावाला
काका, तिकडं गेल्यावर त्या फवाऱ्याचा आणि तपासणाऱ्याचा फोटो टाकाल काय? शक्य झालं तर व्हिडिओ. संस्थेच्या सभेत दाखवायचा आहे. बीज घेऊन येणारा ट्रक तळ्यावर रिकामा करायच्या आधी एका टाकीत थांबवून पाहायचा, असा ठराव मांडतो म्हणतो. मंडळी हसतील, पण मांडतो.

शेतकीवाला_यवतमाळ
ठरावाचा मसुदा मला पाठवा, भाषा नीट करून देतो. बीज वेगळं ठेवायला सिमेंटची टाकी कशाला, जाळीचा हापा चालेल, खर्च कमी येतो.

डोंगावाला
हापा आहे संस्थेकडं, दोन. एक फाटला आहे, तो शिवून घेतो. मसुदा रविवारपर्यंत पाठवतो.